सह्याद्रीतली लांब पल्ल्याची ट्रेल रेस : हौशी धावपटूंचे नेहमीचे प्रश्न

रस्त्यावरच्या एक-दोन मॅरेथॉन झाल्या की अनेकांना डोंगर खुणावायला लागतो. त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यातले नेहमी येणारे इथे घेतलेत. डोळ्यांसमोर सिंहगड-राजगड-तोरणा हा पट्टा ठेवलाय, कारण पुण्याकडे ५० किमीच्या डोंगरी शर्यतीचं नाव निघालं की पहिल्यांदा हाच मार्ग आठवतो. तुमची स्पर्धा दुसऱ्या डोंगरात असेल तर आकडे बदलतील, बाकीचं फारसं बदलणार नाही.

मी ४२ किमी पळालोय. ५० म्हणजे फक्त आठ किमी जास्त ना?

हा हिशोब डांबरी रस्त्याचा झाला. डोंगरात किलोमीटरच्या आधी चढ विचारायचा. स्पर्धेच्या माहितीत 'एलिव्हेशन गेन' म्हणून जो आकडा दिलेला असतो तो सगळ्या चढांची बेरीज असते. सिंहगड १,३१२ मीटर आणि तोरणा १,४०३ मीटर, म्हणजे फरक शंभराच्याही आत, असं नकाशावर वाटतं. पण सिंहगडावरून पार खाली उतरायचं, राजगड चढायचा, पुन्हा उतरायचं आणि मग तोरण्याची धार धरायची, हे त्या फरकात कुठेच दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, म्हणजे इट्रा, स्पर्धांची प्रतवारी करताना दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर धरते. ५० किमी आणि २,५०० मीटर चढ असेल तर ती ७५ किमीच्या मेहनतीची स्पर्धा. त्याहून जुना आणि घरबसल्या करता येण्यासारखा हिशोब स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितला होता. सपाटीवर दर ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. याच स्पर्धेला हे लावलं तर १० तास अधिक ४ तास १० मिनिटं, म्हणजे न थांबता नुसतं चालत १४ तासांच्या वर. आता तुमच्या स्पर्धेची वेळमर्यादा बघा. दोन्हींत जेवढा फरक, तेवढंच तुम्हाला पळून भरून काढायचंय. बहुतेकांना हा हिशोब केल्यावर हायसं वाटतं, काहींना घाम फुटतो. दोन्ही उपयोगाचंच.

सगळं अंतर पळावं लागतं का?

नाही. पुढचे मोजके सोडले तर सगळे चढावर चालतात. चढ दिसला की चालायला लागायचं, आणि ते पाय दुखायला लागायच्या आधी. पावलं आखूड, टाच शक्य तिथे टेकलेली, चढ उभा झाला की तळहात मांड्यांवर ठेवून रेटा द्यायचा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईना म्हणजे वेग जास्त झाला. पहिल्या चढावर तुम्हाला धापा टाकत मागे टाकणारे बरेचजण दुपारी एखाद्या बांधावर बसलेले भेटतात, हे दरवर्षी बघायला मिळतं.

चालण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. रोज पळणाऱ्या माणसाला भराभर चालता येतंच असं नाही.

मग सगळ्यात अवघड काय?

उतार. चढ दम काढतो आणि दम पाच मिनिटांत परत येतो. उतार मांड्या काढून घेतो आणि त्या काही त्याच दिवशी परत येत नाहीत.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून शरीराचं वजन पेलत असतो. स्नायूसाठी हे सगळ्यात झिजवणारं काम, त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. श्वास आरामात चालू असल्यामुळे आपण फुकट वेग कमावतोय असं वाटतं आणि त्याचं बिल दोन तासांनी येतं. सिंहगडावरून बेभान उतरलेला माणूस राजगडाच्या पायथ्याशी गुडघे धरून उभा असतो.

सह्याद्रीतला उतार जवळून बघा. डिसेंबर-जानेवारीत पावसाळी चिखल वाळून कडक झालेला असतो आणि त्याच्यावर मुरमाचा सुटा थर. ज्वारीचे दाणे फरशीवर सांडावेत तसा. यालाच आपण घसारा म्हणतो. अशा जागी घाबरून मागे रेललात की वजन टाचेवर जातं आणि पाय सरकतो. गुडघे वाकलेले ठेवायचे, अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भराभर, हात पसरलेले. नजर पायाखाली ठेवायची नाही, चार-पाच पावलं पुढे ठेवायची. गवताचा बुंधा किंवा रोवलेला दगड दिसला तर तिथे पाय द्यायचा. आधार म्हणून झुडूप धरायच्या आधी ते करवंदाचं नाही ना, एवढं बघा.

आपल्याकडची सगळ्यांना पाठ असलेली डोंगरी धावपळ हिरकणीची, आणि तीही उताराचीच. चढून आल्याची गोष्ट कोणी सांगत बसलं नाही.

शहरात राहून उताराचा सराव कसा करायचा?

सोसायटीत लोक जिना चढून जातात आणि लिफ्टने खाली येतात. ट्रेलसाठी उलटं करा. वेळ कमी असेल तर लिफ्टने वर जा आणि जिना उतरा. नुसता जिना दोन आठवड्यांत किती फरक पाडतो ते करून बघितल्याशिवाय पटत नाही.

पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहेच. साधारण ६०० मीटरचा चढ, तेवढाच उतार, पहाटेपासून वर्दळ आणि वर गेल्यावर ताक. एका सकाळी दोनदा चढून उतरा, तिसऱ्यांदा जमलं तर उत्तम. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची माळ तर यासाठीच केल्यासारखी आहे, एक टेकडी संपते न संपते तोच दुसरी सुरू. मुंबई-ठाण्याला येऊर आणि खारघरच्या टेकड्या, नाशिकला पांडवलेणी आणि ब्रह्मगिरी. नागपूरकरांनी आठवडाभर जिना आणि उड्डाणपुलांवर भागवावं, महिन्यातून एकदा चिखलदरा गाठावा.

एक गोष्ट इथे शरीर आपल्या बाजूने आहे. एकदा दणकून उतार झाला आणि पाय भरून आले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तशाच उताराला कमी दुखतात. म्हणून मोठ्या उताराचा शेवटचा सराव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी ठेवा. आदल्या आठवड्यात 'एकदा बघून येतो' म्हणून तोरणा उतरायला जाऊ नका.

तयारीला किती महिने लागतात?

अर्धी मॅरेथॉन आरामात पळत असाल तर २५ किमीच्या गटासाठी तीन महिने, ५० साठी पाच-सहा. त्यातही २५ चा गट आधी करा, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत.

आठवड्यात चार दिवस पळणं पुरेसं आहे. त्यातले शनिवार-रविवार सलग वापरा. शनिवारी डोंगरात तीन-चार तास, रविवारी थकलेल्या पायांनी सपाटीवर दीड-दोन तास. डोंगरातला सराव किलोमीटरमध्ये मोजू नका, तास आणि चढ यांत मोजा. दोन दिवस घरच्या घरी ताकदीचे व्यायाम. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश जमिनीला टेकवायचा, पुन्हा वर. दिसायला सोपं आहे, वीसच्या पुढे मांडी थरथरायला लागते. पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. बाकी यंत्रं-बिंत्रं हवीत तर वापरा.

बूट कोणते घ्यावेत?

खाली चार-पाच मिलीमीटरची नक्षी असलेले ट्रेलचे बूट. रस्त्यावरचे उंच, मऊ तळव्याचे बूट घसाऱ्यावर आणि दगडांत पाऊल मुरगळवतात, त्यांची किंमत कितीही असो. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेकर मंडळी अ‍ॅक्शन कंपनीच्या ट्रेकिंग बुटांवर निभावून नेत आलीयेत आणि पकडीच्या बाबतीत त्या बुटांना नावं ठेवायला जागा नाही. पण ते वजनाने जड पडतात, ५० किमी पळायला नकोत.

माप अर्धा नंबर मोठं. दुपारपर्यंत पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आपटतात. नखं काळी पडतात ती याच आपटण्याने. नखं तीन दिवस आधी कापा आणि नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. नवे मोजे स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, हे सांगायची गरज नाही. तरी सांगतो.

काठ्या वापराव्यात का?

नियमांत परवानगी असेल आणि सराव असेल तर जरूर, चढावर खांद्यांनाही काम मिळतं. पण तोरण्याच्या बुधला माचीकडच्या कातळावर किंवा राजगडाच्या चोरदरवाजाखाली रेलिंग धरून चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. काठी पटकन घडी होऊन पाठीवर गेली पाहिजे. गर्दीत मागच्याच्या डोळ्यांची काळजी घ्या.

काय खायचं आणि किती?

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा साधारण हिशोब. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, त्यावरून अंदाज बांधा. भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे.

पुडीतली एनर्जी जेल, म्हणजे पळताना गिळायचा गोड, दाट पाक, चालत असतील तर घ्या. पण सहा-सात तासांनंतर गोडाची शिसारी येते आणि तिथे आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. उकडलेला बटाटा, मीठ-जिरेपूड लावून, छोट्या पिशवीत. खजुरात शेंगदाणा भरलेला. राजगिऱ्याची वडी हलकी आणि पचायला सोपी, पण कोरड्या तोंडात ती चिकटते, पाण्याबरोबरच खा. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, मात्र तेलकट आहे आणि चढावर चावत बसायला लागते, ती सपाटीसाठी ठेवा. गुळाची दशमी आमच्या ओळखीतले काहीजण आवडीने नेतात. तळलेलं सोसणारी पोटं असतात, ती स्पर्धेच्या दिवशी शोधायची नाहीत.

जे खाणार त्याचा सराव आधी करा. पळताना आतड्याकडे जाणारं रक्त कमी होतं आणि त्या अवस्थेत पचवायची सवय सरावानेच लागते.

पाणी किती प्यावं?

तहान लागेल तसं. हे उत्तर फार साधं वाटतं म्हणून लोक मानत नाहीत आणि घड्याळ लावून ढोसतात. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. डोकं दुखणं, मळमळ, अंगठ्या घट्ट होणं, बोलण्यात घोळ ही लक्षणं दिसली की 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या.

बरोबर मात्र किमान दीड लिटर ठेवा. किल्ल्यांवरच्या टाक्यांचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं नसतं. ओआरएसची पुडी असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. दुकानातली फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. राजगड-तोरण्याच्या वाटेवर झोपडीशी लिंबू सरबत किंवा ताक मिळालं तर थांबा. मीठ, द्रव आणि दोन शब्द, तिन्ही लागतात.

ऊन आणि थंडीचं काय?

डिसेंबरात पहाटे सुरुवातीला १० अंशांच्या आसपास कुडकुडायला होतं आणि दुपारी एकला त्याच धारेवर ३० अंशांत सावलीचं एक झाड नसतं. गवत पिवळं, कातळ तापलेला, वारा पडलेला. टोपी मानेपर्यंत झाकणारी हवी. पाणी मिळेल तिथे रुमाल भिजवून मानेवर टाका. तोरण्याची चढण बारा ते तीनमध्ये येणार असेल तर वेग आधीच कमी धरा, तिथे कोणीही हिरो होत नाही.

आयोजक जॅकेट, शिट्टी, टॉर्च असं काय काय न्यायला लावतात. खरंच लागतं?

लागतं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू होते. दुपारच्या सुमारास उंच भागात अचानक वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस सुरू झाला. अनेकांच्या अंगावर फक्त पातळ बनियन आणि चड्डी, कारण वारारोधक जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. २१ जण थंडीने गेले, त्यात नावाजलेले धावपटूही होते. सहाजणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन शेक दिला म्हणून ते वाचले.

सह्याद्रीत तसली थंडी पडत नाही हे खरं. पण पाय मुरगळून संध्याकाळी धारेवर बसून राहावं लागलं तर घामाने भिजलेलं अंग तासाभरात काकडतं. पातळ जॅकेट, चंदेरी आपत्कालीन चादर, शिट्टी, चार्ज केलेला हेडटॉर्च आणि फोन. सगळं मिळून एका पाण्याच्या बाटलीपेक्षा हलकं. पहाटे निघणाऱ्या आणि 'मी तर चारपर्यंत पोचतो' म्हणणाऱ्यांनीही टॉर्च परतीपर्यंत पाठीवर ठेवावा.

वाट चुकलो तर?

चुकणारच, थोडीफार. आपल्या डोंगरात ढोरवाटा इतक्या, की जी जास्त मळलेली ती आपली असं धरून चालत नाही. ती थेट पाणवठ्यावर जाते. रिबिनी बांधलेल्या असतात, पण गुरं त्या खातात आणि पोरं काढून नेतात. पाच-सात मिनिटं रिबीन दिसली नाही तर पुढे जाऊ नका, शेवटची दिसली तिथवर मागे या. मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर वाट दाखवणारी फाइल, घड्याळात आणि फोनमध्ये दोन्हीकडे आधी उतरवून ठेवा, खिंडीत आणि दरीत नेटवर्क जातं. राजगडावरून संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून भुतोंडे खिंडीकडे येताना सोंडेला फाटे आहेत, तिथे पुढच्याच्या पाठीवर विसंबून राहू नका. तोही चुकलेला असू शकतो.

साप, मधमाश्या वगैरे?

सापाची भीती जास्त आणि आग्यामोहळाची कमी बाळगली जाते, असायला हवी उलटी. किल्ल्यांच्या कड्यांना, बुरुजांखाली मोहळं असतात. उग्र अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड-मान झाकून तिथून लांब पळा, हात झटकत उभे राहू नका.

साप पावलांची चाहूल लागून बाजूला होतात. फुरसं मात्र दगडाखाली गप्प पडून राहतं, म्हणून न बघता दगडाच्या फटीत हात घालू नका. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. तो अवयव न हलवता आयोजकांना आणि १०८ ला फोन, आणि सरकारी रुग्णालय.

अंग दुखायला लागलं तर वाटेत वेदनाशामक गोळी घेऊ का?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या नको. घामाने पाणी कमी झालेलं, स्नायू मोडत असलेले, त्यात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आखडतात. स्पर्धेत किंवा नंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी झोपून बघू असं करू नका, त्याच दिवशी रुग्णालय.

स्त्रियांसाठी वेगळं काही?

वाटेवर आडोसा नसतो आणि म्हणून अनेकजणी पाणीच पीत नाहीत, हे धोक्याचं आहे. स्वच्छतागृह कुठल्या कुठल्या थांब्यावर आहे ते आयोजकांना आधी विचारा, विचारणाऱ्या वाढल्या की सोय होते. पाळी येणार असेल तर लागणारं सामान आणि वापरलेलं परत न्यायची बंद पिशवी पाठीवर असू द्या. घासलं जाऊन सोलपटणाऱ्या जागांना व्हॅसलिन किंवा खोबरेल, हे सगळ्यांनाच लागू. अंधारात एकटीने पळायचं नसेल तर सुरुवातीलाच आपल्या वेगाची सोबत ठरवून घ्या.

कट-ऑफ म्हणजे काय आणि तो चुकला तर?

ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत तर तिथे थांबवतात. वाद घालू नका. कट-ऑफ तुम्हाला काळोखात कातळावर अडकू न देण्यासाठी असतो, आणि थांबवणारा स्वयंसेवक पहाटे तीनपासून तिथे उभा असतो.

स्वतःहून सोडत असाल तर कोणाला तरी सांगून, छातीवर लावलेला बिब नंबर नोंदवून सोडा. गुपचूप एखादी जीप पकडून घरी गेलेल्या माणसाला शोधत लोक रात्री डोंगर पालथा घालतात. याचा राग येतो, खरंच येतो.

वेळ जातो तो बहुतेक थांब्यांवर. खुर्ची हा यातला मोठा सापळा. खिंडीतल्या थांब्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला माणूस बूट काढतो, मोजे झटकतो, फोन बघतो, घरी बोलतो, आणि वीस मिनिटांनी उठायला जातो तेव्हा पाय लाकूड झालेले असतात. थांब्यावर काय करायचं ते पोचायच्या आधी मनात म्हणा. बाटली, बटाटा, मीठ, निघा.

गावातल्या लोकांशी कसं वागायचं?

वाट त्यांची आहे. गुरं येत असतील तर बाजूला उभं राहून जाऊ द्या, ओरडत मधून घुसू नका. शेताच्या बांधावरून जाताना ज्वारी-हरभऱ्यात पाय नको. जेलची फाडलेली टोकं खिशात, कारण ती चिमटीएवढी टोकंच सगळ्यात जास्त पडलेली असतात. सरबत घेतलं तर पैसे द्या, सुटे जवळ ठेवा. पाचशेची नोट आजीपुढे धरून 'जीपे आहे का' विचारणं बरं दिसत नाही.

यानंतर फ्रान्सच्या यूटीएमबीला जाता येईल का?

आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीची ती १७० किमीहून लांब आणि १०,००० मीटरच्या आसपास चढाची स्पर्धा आहे, २००३ पासून चालते. प्रवेशासाठी त्यांच्या साखळीतल्या स्पर्धा पूर्ण करून गुण जमवावे लागतात आणि मग सोडत. आधी तोरण्यावरून वेल्ह्यात धड पायांनी उतरा.

नंतर किती दिवस विश्रांती?

दुसऱ्या दिवशी चालत राहा, झोपून राहिलात तर जास्त आखडाल. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं, तेव्हा जिना उलटं तोंड करून उतरावा लागला तर घाबरू नका, सगळेच उतरतात. काळं पडलेलं नख ओढून काढू नका, नवं आलं की ते आपोआप सुटतं. आठवडा-दहा दिवस पळणं बंद, पोहणं किंवा सायकल चालेल. एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल आणि चालून कमी होत नसेल तर तो थकवा नाही, हाडाच्या डॉक्टरला दाखवा.